लाइन वाढवली

चिचबोडीच्या जंगलात बिजलीची एक चौकी होती. चौकी म्हणजे काय, टिनाचं छप्पर, दगडी भिंती, एक दार, एक खिडकी अन् चारी बाजूंनी साग न् बांबू. सोळा मैलांवर चांद्याला, नदीकाठी पावरहाऊस. तिथून निघालेल्या तारा या चौकीत यायच्या आणि पुढे माजरीकडच्या एका कोळशाच्या खाणीला जायच्या. तारा काही कोणाशी बोलत नाहीत. त्यांच्याखाली बसून केवळरामनं सहा वर्षं काढली. तो तरी कोणाशी बोलणार होता, सांगा बरं!

बोलायला होता तो भिंतीवरचा टेलिफोन. सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत दर तासाला तारांतला दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा पाहायचा, टेलिफोनचं हँडल गरागरा फिरवायचं आणि काट्यावरचा आकडा पावरहाऊसला सांगायचा, ही केवळरामची नोकरी. तिकडे वही घेऊन बसलेले असायचे गुणवंतरावबाबू.

"केवळराम बोलून राह्यलो भाऊ. एकशे आठ."

"एकशे आठ. बरं, भाजी काय केली आज?"

"काय करतो भाऊ, सुकी मासोळी अन् भात."

"मजा आहे बुवा तुझी. इथी आमच्या घरी तिसऱ्या दिवशी बी वांगंच."

आकडा कंपनीचा, त्याच्यापुढचं बोलणं या दोघांचं. दिवसातून चौदा वेळा. गुणवंतरावांचं पित्त, त्यांच्या दोन पोरींची स्थळं, मोठ्या साहेबाचा नवा कुत्रा, सारं केवळरामला तोंडपाठ. आणि कोणत्या मोहाखाली अस्वल आलं, नाल्याला पाणी कवा आलं, हे चांद्यात राहून गुणवंतरावांना ठाऊक. पण सहा वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. केवळरामला रजा मिळायची, नाही असं नाही. पण रजा घेऊन जाणार कुठे? ज्याला घर आहे त्यानं रजा घ्यावी.

त्याचं घर होतं कधीकाळी, सिंदेवाहीकडे, तळ्याच्या काठी. धीवराचं घर. आजा जाळं टाकायचा, बाप जाळं टाकायचा. हा चौथीपर्यंत शिकला अन् आकड्यांत रमला. लग्न झालं, गोकुळा घरी आली. पाचव्या वर्षी तिला तापानं धरलं. तिच्या उशाशी चिमणी जळत होती. उजाडलं तसा केवळराम म्हणाला, "माय, चिमणी विझवतो," अन् फुंकर मारली. त्याच घटकेला गोकुळाचा श्वास थांबला. आता खरं पाहाल तर हे तापाचं काम, त्यात चिमणीचा काय संबंध! पण मायनं कपाळ बडवून घेतलं. "अरे, दिवा विझव म्हणतेत का कोणी? वाढव म्हणावं बाप्पा, वाढव!"

आपल्यात आहेच ती रीत. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. देवापुढचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बाईच्या हातातली बांगडी पिचली तर तीही वाढली. अशुभ जिभेवर येऊ नये म्हणून बोलणारा शब्द उलटा धरतो, अन् ऐकणारा तो आपला सुलटा करून घेतो. केवळरामच्या मनात मायचे ते शब्द असे रुतले की पुढे मायही गेली, गाव सुटलं, तो खांब गाडणाऱ्या कंपनीत मजूर लागला, आकडे वाचता येतात म्हणून चौकीवर बसला, पण उजेडाच्या बाबतीत 'विझव' अन् 'बंद' हे शब्द त्याच्या तोंडून पुन्हा निघाले नाहीत.

त्यामुळे टेलिफोनवर तो म्हणायचा, "लाइन वाढवा भाऊ." म्हणजे लाइन बंद करा. सुरू करायची असली तर, "लाइन लावा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गुणवंतराव खो खो हसले. "अरे, ही बिजली होय का देवघरातली समई?" पण त्यांनीही ते उचललं. तिकडून तेही सांगायचे, "वाढवली रे," आणि वहीत 'बंद' लिहायचे. दोघांचं बरं चाललं होतं.

चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, जीपमधून एक पेटी आली. हिरवी, लोखंडी, पुढे काचेची बारीक खिडकी, खिडकीत तीन चाकं अन् चाकांवर आकडे. काटा काय दाखवतो ते ही पेटी आपल्या आपण ओळखायची आणि टक टक करत तारेवरून आकडा पावरहाऊसला धाडायची. तिकडे तशीच दुसरी पेटी. तिच्या खिडकीत तेच आकडे फिरायचे. बरोबर इंजिनेरसाहेब होते, कोट घालून, घामानं निथळत.

"आकड्याला तोंड लागत नाही, केवळराम," साहेब म्हणाले. "एक टक म्हणजे एक. नऊ टक म्हणजे नऊ. चूक व्हायची सोयच नाही."

"मंग साहेब, माहं काय काम?"

"पुढच्या लाइनचा खटका पाडायला, लावायला माणूस लागेलच की. फक्त हा टेलिफोन जाईल. त्याच्या जागी दोन दिवे. लाल म्हणजे लाइन चालू, हिरवा म्हणजे बंद. बटन दाबायचं, बस. बोलायची कटकटच नको."

केवळराम टेलिफोनकडे पाहतच राहिला. "फोन काढता साहेब?"

"तीन महिने दोन्ही ठेवू. तेवढ्यात फोनची गरज दिसली तर राहील. नाही दिसली तर पावसाळ्याआधी उतरवू."

म्हणतात ना, कानामागून आली अन् तिखट झाली. केवळरामला रात्री भात गिळवेना. पेटीची टकटक पंधरा पंधरा मिनिटांनी व्हायची, आणि दर वेळी त्याला वाटायचं, हा आपला एक शब्द गेला.

लाइनवर फिरणारा लटारू शिडी घेऊन आठवड्यातून दोनदा यायचा. हसरा गडी, भांदकचा. त्यानं पेटीचं बारसं करून टाकलं. "काय केवळरामभाऊ, मुका बाबू काय म्हणते?"

"म्हणते काय डोंबल! ना जेवला का विचारते, ना मेला का विचारते."

गुणवंतरावही धास्तावले होते. आकडे आपोआप यायला लागले तर वही घेऊन बसणारा बाबू कशाला हवा? पण फोनवर ते केवळरामला धीर द्यायचे. "भिऊ नको. यंत्र आहे, एकदा तरी चुकंल. तू डोळा ठेवून राहा. चुकलं का मले सांग, साहेबाच्या नाकासमोर नेऊन ठेवतो."

मग केवळराम डोळ्यांत तेल घालून बसला. काटा पाहायचा, पेटीची खिडकी पाहायची. काटा एकशे आठ, पेटी एकशे आठ. काटा एकशे अकरा, पेटी एकशे अकरा. एक महिना गेला, दीड महिना गेला, बेट्याची पेटी चुकायचं नाव घेईना. शेवटी केवळरामला तिचा असा राग आला की त्यानं तिच्याकडे पाहणंच सोडून दिलं. स्टूल फिरवून तिच्याकडे पाठ करून बसायचा, अन् तासाच्या ठोक्याला मान वळवून काट्यावर तेवढी नजर टाकायचा. कोणी म्हणेल, यंत्रावर कसला रुसवा धरतो माणूस? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

अडीच महिने भरत आले तेव्हाची गोष्ट. चौकीच्या अलीकडे, पावरहाऊसच्या बाजूला, तिसऱ्या खांबावरची, तार पेलणारी चिनी मातीची वाटी तडकली होती. ती बदलायला लटारू आला. सकाळपासून त्यानं खांबाभोवतीच्या फांद्या तोडून खाली पाल्याचा ढीग घातला. पलीकडची, खाणीकडची लाइन असती तर केवळरामनं आपल्याच हातानं खटका पाडला असता. पण ही अलीकडची. ती पावरहाऊसमधूनच बंद व्हायची. दुपारी तीनला खाणीची पाळी बदलते, त्या अर्ध्या तासात काम उरकायचं असं आदल्या दिवशी गुणवंतरावांशी ठरलं होतं.

तीन वाजले. केवळरामनं हँडल फिरवलं.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. गुणवंतरावांचा नव्हे.

"कोन बोलते? भाऊ कुठी आहेत?"

"गुणवंतराव वरोऱ्याला गेले. मुलीसाठी मुलगा बघायला. मी राजन्ना."

राजन्ना हा नवा माणूस, सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू बोलणारा. हंगामी म्हणून लागला होता. मराठी शाळेत शिकला होता, पण पुस्तकातली मराठी वेगळी अन् माणसांची वेगळी.

"तुम्ही सांगाल तसं करायचं, असं गुणवंतराव सांगून गेले," राजन्ना म्हणाला. "काय करायचं?"

"लाइन वाढवा. लटारू तयार होऊन राह्यला."

"वाढवू?"

"हाव, वाढवा."

"नक्की वाढवू?"

"हाव, हाव."

पलीकडे थोडा वेळ खुडबुड ऐकू आली. "वाढवली."

"पूर्ण वाढवली ना?"

"पूर्ण."

आता पाहा गंमत, अन् गंमत कसली, कर्माची गत! खाणीला बिजली कमी पडते, दाब वाढवा, असे फोन पावरहाऊसला रोज यायचे. राजन्नाला वाटलं, हाही तसलाच फोन, अन् लटारू म्हणजे खाणीवरचा कोणीतरी. त्यानं मोठं चाक शेवटापर्यंत फिरवून दाब चढवला, आणि प्रामाणिकपणे सांगितलं, वाढवली. केवळरामनं प्रामाणिकपणे ऐकलं, बंद झाली. दोघांनी एकच शब्द पुन्हा पुन्हा घोकून पक्का केला अन् दोघंही बिनघोर झाले. त्या वेळी केवळरामच्या पाठीमागे पेटीच्या खिडकीत आकडा एकशे दहावरून एकशे अठराला चढला होता. काटाही तेच सांगत होता. पण यानं वळून पाहिलं नाही. गुणवंतरावांच्या फोनवरून आलेला शब्द. तो तपासायचा असतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

त्यानं दारातून हाक दिली, "चढ बे लटारू, वाढवली!"

लटारू चढला. तारेला त्याचा हात लागायच्या आधीच फाडकन आवाज झाला अन् निळा लोळ दिसला. लटारू वरून फेकला गेला. खाली त्यानंच घातलेला पाल्याचा ढीग होता, म्हणून मान मोडली नाही. केवळराम धावला तेव्हा लटारूचे डोळे उघडे होते आणि उजवा हात मनगटापासून काळाठिक्कर पडला होता. "भाऊ," तो म्हणाला, "तू तं वाढवली म्हनलं होतं ना?"

चिचबोडीतून बैलगाडी आणून त्याला सडकेपर्यंत नेलं, तिथून लाकडाच्या ट्रकनं चांद्याच्या दवाखान्यात. जीव वाचला. उजवा हात मनगटातून काढावा लागला.

आठव्या दिवशी चौकशी लागली. चौकीवर दुसरा माणूस बसवून केवळरामला पावरहाऊसला बोलावलं. तो आधी दवाखान्यात गेला. लटारू भिंतीला टेकून बसला होता, हाताला पांढरं गाठोडं. केवळरामला बघवेना. तो पायाशी बसून रडला, अगदी हमसून हमसून.

"रडून काय होते भाऊ," लटारू म्हणाला. त्याचंही नाक वाहत होतं, पण पुसायला डावा हात अजून सरावला नव्हता. "साहेबानं मले विचारलं का, केवळरामनं काय हाक देली. मी म्हनलं, ध्यानात नाई. तू जे सांगशीन ते मी सांगीन."

पावरहाऊसमध्ये असा घरघराट चालला होता की कानाचे पडदे फाटावे. व्हरांड्यात एक बुटका, टकला, चष्मेवाला माणूस पानाचा डबा घेऊन उभा होता. केवळरामनं त्याला नमस्कार केला. "साहेब, गुणवंतरावबाबू कुठी बसतेत?"

"केवळराम?" तो माणूस म्हणाला.

आवाज ओळखीचा. सहा वर्षांचा ओळखीचा. केवळरामनं मनात जो गुणवंतराव धरला होता तो उंच होता, झुपकेदार मिशांचा होता. हा समोरचा तर त्याच्या खांद्याला लागत होता. भाऊ म्हणून गळ्यात पडावं असं फार वाटलं त्याला. पण समोर धुतलेलं धोतर, काळा कोट, खिशाला पेन. अन् आपण असे, धुळीचे पाय घेऊन. तोंडातून निघालं, "हाव साहेब." गुणवंतरावांनी पानाचा डबा उघडला, न खाताच पुन्हा लावला.

मग गुणवंतरावांनी त्याला कोळशाच्या ढिगाआड नेलं.

"हे पाह्य केवळराम, वेळ कमी आहे. आत साहेब विचारतीन, तू कोनता शब्द बोलला. तू सांग, 'बंद करा' म्हनलं. बस, दोन शब्द."

"मी तं वाढवा म्हनलं होतं."

"मले माहीत आहे तू काय म्हनलं! पन राजन्नाले मराठी धड समजत नाई हे समद्यायले ठाऊक आहे. त्यानं चुकीचं ऐकलं, असं होईन. तो हंगामी माणूस, जाईन परत सिरोंच्याले. मी साहेबाले सांगीन का माणूस बरोबर ठेवला तं फोन बरोबर चालते. फोन राहीन. तू राह्यशीन, मी राहीन."

"अन् राजन्नाचे लेकरं?"

गुणवंतरावांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. "तीन आहेत," ते म्हणाले. "अन् माह्या दोन पोरी. त्याले तुझा शब्द समजावून सांगितल्याशिवाय मी वरोऱ्याले गेलो, हे बी उद्या निघंन. तेव्हा?" मग त्यांचा आवाज उतरला, फोनवर संध्याकाळच्या शेवटच्या आकड्याला असायचा तसा झाला. "तुले वाटत असंन, तुलेच तिथी एकटं वाटते. त्या बिजलीच्या बोर्डाच्या खोलीत मी दिवसभर बसतो. पंचवीस माणसं ये-जा करतेत. माह्यासंग बोलणारा तू एकटाच आहेस रे."

केवळरामचा जीव विरघळला. सहा वर्षांत इतकं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं मान डोलावली. म्हणेन, बंद म्हणेन, त्यात काय आहे एवढं! दोनच तर शब्द आहेत.

आत टेबलामागे इंजिनेरसाहेब आणि आणखी दोघे बसले होते. भिंतीशी राजन्ना उभा होता. तिशीचा काळासावळा माणूस, हात पुढे बांधलेले, ओठ सुकलेले. त्याला आधीच विचारून झालं होतं. तरी तो केवळरामकडे पाहून पुन्हा म्हणाला, "त्यांनी वाढवा म्हटलं, मी वाढवलं. मी दोनदा विचारलं सर. दोनदा."

"तू गप्प राहा," साहेब म्हणाले. "केवळराम, सांग. तू टेलिफोनवर काय शब्द बोललास? नीट आठवून सांग."

केवळराम उभा राहिला. दाराबाहेर गुणवंतरावांची सावली दिसत होती. त्याला चौकी आठवली. संध्याकाळी सातचा आकडा दिल्यावर ते म्हणायचे, "चल बाबा, दार लावून झोप, अस्वल येईन," आणि तेवढ्यावर त्याची झोप व्हायची. ते गेलं तर काय राहतं? टिनाचं छप्पर अन् टकटक. सरळ सांगायचं तर तो मरणाला भीत नव्हता इतका त्या खोलीला भीत होता.

पण चोर सोडून संन्याशाला फाशी कशी द्यायची? हा माणूस दोनदा विचारत होता. वाढवू? वाढवू? अन् आपण दोन्ही वेळा हाव म्हटलं.

"वाढवा म्हनलं साहेब," केवळराम म्हणाला. "आमच्यात बंद म्हनत नाई. दिव्याले वाढव म्हनते. राजन्नानं बरोबर ऐकलं. त्याचा दोष नाई."

टेबलामागचे तिघं एकमेकांकडे पाहायला लागले.

"अन् आखीन एक साहेब. पेटीत आकडा दिसत होता. काट्यावर बी दिसत होता. वळून पाह्यलं असतं तं लटारूचा हात वाचला असता. मी पाह्यलं नाई. मले त्या पेटीकडे पाहू वाटेना."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, सुटका होती. यंत्र चुकलं नव्हतं! "एका शब्दाचे दोन अर्थ," ते शेजारच्याला म्हणाले, "आणि तेही एकमेकांच्या उलट! असल्या भाषेवर अकरा हजारांची लाइन चालवत होतो आपण."

निकाल तिथंच झाला. यापुढे लाइन बंद-चालू करायला कोणी शब्द बोलायचा नाही. लाल दिवा, हिरवा दिवा. राजन्ना कामावर राहील. गुणवंतरावांना लेखी ताकीद. केवळरामला काढायला पाहिजे होतं, पण चिचबोडीच्या त्या रानात राहायला दुसरा कोण तयार होता? म्हणून त्याचीही ताकीदीवरच सुटका झाली. चौकीचा टेलिफोन महिनाअखेरीला उतरवायचा. तोवर रिवाज म्हणून आकडे फोनवरून द्यायचे, पण वहीत उतरायचा तो पेटीचाच आकडा.

बाहेर राजन्नानं त्याचे दोन्ही हात धरले, तेलुगूत काहीतरी बोलला. केवळराम गुणवंतरावांना शोधत व्हरांड्यात आला. ते पानाचा डबा बंद करत होते. "भाऊ," या वेळी त्याच्या तोंडून निघालं. गुणवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. डबा कोटाच्या खिशात टाकला आणि बोर्डाच्या खोलीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला केवळरामनं हँडल फिरवलं. रात्रभर तो काय काय बोलायचं ते ठरवत होता.

"केवळराम बोलून राह्यलो भाऊ. एकशे नऊ."

"लिहिलं," गुणवंतराव म्हणाले अन् फोन खाली ठेवला.

सातला तेच. आठला तेच. आकडा दिला की "लिहिलं", अन् खट. केवळरामला वाटलं, राग आहे, निवळेल. असायलाच पाहिजे राग, आपण शब्द देऊन फिरलो. चार दिवसांनी त्यानं हिय्या करून आकड्यापुढे जोडलं, "मोहाखाली अस्वलीन आली होती भाऊ, पाठीवर दोन पिल्लं." पलीकडून "लिहिलं." आठव्या दिवशी विचारलं, "वरोऱ्याचं जमलं का?" त्याचंही उत्तर "लिहिलं." मग त्याला कळेना, हे रागानं म्हणतात का ऐकतच नाहीत. दिवसातून चौदा वेळा तो हँडल फिरवत राहिला. शिव्या दिल्या असत्या तरी त्याला गोड लागल्या असत्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन माणसं जीपमधून आली, पाना-पक्कड घेऊन. मोहाखाली बसून त्यांनी भाकर खाल्ली, चौकीत पाणी प्यायली. एक वाजायला आला होता.

"तेवढा एकचा आकडा देऊन घ्या काका," त्यांतला एक म्हणाला. "मग आम्ही उतरवतो."

केवळरामनं हँडल फिरवलं. पलीकडे फोन उचलल्याचा आवाज झाला, अन् नेहमीचा तो श्वास, थोडा दम लागल्यासारखा. काट्यावर एकशे सात होतं. तो एकशे सात म्हणायला गेला अन् त्याचं तोंड ऐकेना.

"भाऊ," तो म्हणाला, "मले इथी करमत नाई. सहा वर्षं तुमी होता म्हनून कधी बोललो नाई. आता कसं करू ते सांगा मले."

दोघं माणसं पक्कड हातात धरून थबकली. पेटी टक टक करत होती, एक, मग शून्यापुरता थांबा, मग सात. पलीकडे पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज ऐकू आला.

"लिहिलं," गुणवंतराव म्हणाले.